आगबोटीचं पोर्ट्रेट करायचंय? मग आधी वारा कुठून येतोय ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका मुलाचे आजोबा बीआयच्या, म्हणजे ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशनच्या 'कारंजा' बोटीवर इंजिनरूमला खलाशी होते, मुंबई-मोंबासा लाइनीवर. घरात बोटीचा एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहे, त्यावरून त्याला मोठं ऑइल पेंटिंग करायचंय. त्यासाठी त्यानं स्टीमरच्या जमान्यातली जुनी चित्रं बघितली तर ती त्याला ताठ आणि सपाट वाटली, सगळी बाजूनंच काढलेली, एकासारखी एक. असं का, आणि त्याचं स्वतःचं स्केच आहे त्यात बोट तिरकी समोरून येतेय, मागं सूर्यास्त आणि धुराड्यातून जाड काळा धूर, तर हे चालेल का, असं विचारलंय.

मी सुरुवातीची 9 वर्षं माझगावच्या बाजूला एका रिपेअर यार्डाच्या ड्रॉइंग ऑफिसात होतो आणि त्यानंतर आजपर्यंत बोटींची पोर्ट्रेट्सच करतोय, गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः कॅप्टन, चीफ इंजिनियर आणि आता त्यांची मुलंनातवंडं. त्यामुळे जरा लांबण लागेल पण नीट सांगतो.

पहिली गोष्ट, ती चित्रं ताठ आहेत कारण ती पोर्ट्रेट्स आहेत, सीन नाहीत. हा फरक डोक्यात बसला की बाकी सगळं सोपं जातं. टर्नरचं 'फायटिंग टेमेरेअर' सगळ्यांना माहितीये, 1839 साली लंडनच्या रॉयल अकॅडमीत लागलेलं, जुन्या लढाऊ जहाजाला एक छोटी वाफेची टग ओढत नेतेय. त्यात टगचं धुराडं डोलकाठीच्या पुढं काढलंय, खऱ्या टगवर ते मागं असायचं. 1845 मध्ये विलमोरनं त्याचं एनग्रेव्हिंग, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून छापायची प्रत केली तेव्हा त्यानं गुपचूप डोलकाठी आणि धुराडं आपापल्या जागी आणून ठेवलं. टर्नरच्या चित्राचं त्यामुळे काही बिघडत नाही, त्याला एका युगाचा शेवट दाखवायचा होता आणि तो त्यानं असा दाखवलाय की बघणारा हलत नाही. पण तेच चित्र त्या टगच्या कप्तानानं ऑर्डर दिलेलं असतं तर त्यानं घेतलं नसतं. पोर्ट्रेटचं गिऱ्हाईक त्या बोटीवर झोपलेलं, जेवलेलं, रात्रपाळी केलेलं माणूस असतं, त्याला डेकवरचा हवेचा प्रत्येक पाइप, म्हणजे व्हेंटिलेटर, तोंडपाठ असतो, आणि त्याच्या दृष्टीनं चुकीच्या जागी धुराडं म्हणजे बायकोच्या फोटोत नाक कानाजवळ.

आणि बाजूनं का, तर बोटीचा चेहरा म्हणजे तिची बाजू. समोरून सगळ्या बोटी सारख्या दिसतात. बाजूनं बघितलं की मग दिसतं डेकची रेघ कशी वळतेय, धुराडं किती मागं झुकलंय, लाइफबोटी किती आणि कुठं, मागची बाजू गोल आहे की बाहेर झुकलेली. कोकणातली जुनी माणसं बंदरावर उभं राहून लांबूनच सांगायची की अमुक बोट आली, ती याच गोष्टींवरून.

आता ही जुनी चित्रं काढणारी माणसं कोण होती ते बघा, कारण त्यांची कामाची पद्धत हीच तुमच्या प्रश्नाच्या उत्तराची अर्धी बाजू आहे.

न्यूयॉर्कमध्ये जेम्स आणि जॉन बार्ड हे जुळे भाऊ होते, जन्म 1815. त्यांनी पहिली स्टीमबोट काढली 'बेलोना', 1827 साली, म्हणजे बारा वर्षांची पोरं. हडसन नदीवरच्या साइडव्हील, म्हणजे दोन्ही बाजूंना मोठी चाकं असलेल्या बोटी हा त्यांचा विषय. जॉन 1856 ला गेला, जेम्स पुढं चाळीसेक वर्षं एकटा काढत राहिला आणि 1897 ला गेला, शेवट गरिबीतच. कुठल्या आर्ट स्कूलला गेलेला नाही आणि चित्रातली माणसं अगदी बाहुल्यांसारखी, उंच टोप्या घातलेली, पाणी पण साधंच. पण बोट! तो पट्टी घेऊन यार्डात जायचा, स्वतः मापं घ्यायचा, मोठ्या कागदावर पेन्सिलीनं स्केलमध्ये ड्रॉइंग करायचा आणि त्यावरच कुठला भाग कुठल्या रंगाचा ते लिहून ठेवायचा, मग कॅनव्हास. त्याच्याबद्दल असं म्हटलं जायचं की बोट बांधणाऱ्यानं त्याचं चित्र समोर घेऊन तीच बोट परत आखावी इतकं ते बरोबर. मी ड्रॉइंग ऑफिसातून आलेला माणूस आहे त्यामुळे मला या वाक्यापेक्षा मोठी शाबासकी माहीत नाही.

त्या नदीतल्या बोटींची रचना पण लक्षात घ्या, म्हणजे कळेल की तो इतका मापाच्या मागं का लागला. लांब, हलक्या, उथळ लाकडी बोटी, मध्ये इंजिन-बॉयलरचं वजन आणि टोकं लोंबणार, म्हणून दोन्ही बाजूंना पुलाच्या कमानीसारख्या मोठ्या लाकडी कमानी असायच्या, बोट वाकू नये म्हणून. वर डेकच्याही वर लोखंडी वॉकिंग बीम, तराजूच्या दांडीसारखा वरखाली होणारा. चाकाच्या पेटीवर नक्षी आणि नाव. कमान थोडी जास्त उंच काढली की वेगळीच बोट झाली! बार्डची बोट बघताना ती चालेल कशी ते समजतं, त्या दांडीचं टोक खाली आलं की चाक कुठं असेल ते समजतं, आणि हे नुसत्या हौशी नजरेनं होत नाही.

दुसरा अँटोनियो जेकबसन. कोपनहेगनचा, जन्म 1850, बाप व्हायोलिन बनवणारा. अमेरिकेत आला, न्यूयॉर्कला बॅटरी पार्कमध्ये बसून बोटींची स्केचेस काढायचा, तिथं एका तिजोरीच्या कंपनीच्या माणसानं त्याला बघितलं आणि तिजोऱ्यांच्या दारांवर चित्रं काढायचं काम दिलं. तिथून ओल्ड डोमिनियन लाइनच्या बोटींची ऑर्डर आली आणि मग पुढं थांबलाच नाही. 1880 पासून हडसनच्या पलीकडं न्यू जर्सीत वेस्ट होबोकेनला राहिला, पॅलिसेड ॲव्हेन्यूवर, आणि 1921 ला गेला. त्याच्या चित्रांचा आकडा सहा हजारांपर्यंत धरतात. सहीखाली तो घराचा पत्ता पण घालायचा, म्हणजे एका कॅप्टनच्या भिंतीवर चित्र बघितलं की दुसऱ्या कॅप्टनला कुठं जायचं ते कळणार. पुढं पुढं पाच डॉलरमध्ये पण करायचा, कॅनव्हासच्या जागी पुठ्ठ्याचा बोर्ड, आणि आकाश-पाणी घरातली मुलं भरायची. काही लोक यावरून त्याला कारखाना म्हणतात. मला तसं वाटत नाही. पाणी मुलांनी भरलेलं असलं तरी बोटीची रेघ त्याचीच आहे, आणि मोठे सन्मानाचे कॅनव्हास आणि खलाशाला परवडणारं चित्र या दोन्हीत त्यानं बोटीशी बेइमानी केलेली नाही.

असे लोक सगळ्या बंदरांत होते. लिव्हरपूलला सॅम्युएल वॉल्टर्स शिडांपासून सुरू करून स्टीमरपर्यंत आला. नेपल्सला डी सिमोने घराणं गुआशमध्ये, म्हणजे अपारदर्शक जलरंगात करायचं, मागं ठरलेला व्हेसुव्हियस ज्वालामुखी आणि खाली काळ्या पट्टीत बोटीचं नाव. आपल्याकडं कलकत्त्याला लाइ फाँग नावाचा चिनी चित्रकार होता, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडं, हुगळीत आलेल्या बोटींची ऑइलमध्ये पोर्ट्रेट्स करायचा आणि सहीत कलकत्ता लिहायचा. त्याचं काम मला फार आवडतं, कडक, स्वच्छ, एकही दोरी उगाच नाही. ज्यांना कोणाला परदेशी म्युझियमच्या साइटवर त्याचं चित्र दिसेल त्यांनी झूम करून दोऱ्या बघाव्यात.

आता तुमच्या चित्राकडं येतो.

सूर्यास्त मागं नको. प्रकाश मागून आला की काळं धुराडं, काळी सावली, सगळं एक होतं आणि बीआयची ओळख म्हणजे काळ्या धुराड्यावरचे दोन पांढरे पट्टे, तेच मरतात. प्रकाश तुमच्या पाठीमागून, जरा बाजूनं, सकाळी आठ-नऊचा. म्हणजे धुराड्याची गोलाई दिसते, लाइफबोटींची सावली सुपरस्ट्रक्चरवर, म्हणजे डेकच्या वरच्या बांधकामावर पडते आणि बोटीला जाडी येते. जेकबसनच्या बोटी सपाट वाटतात असं तुम्ही म्हणता पण नीट बघा, प्रत्येक धुराड्यावर एका कडेला उजेड आणि दुसऱ्या कडेला सावली आहे.

जाड काळा धूर नको, आणि हे मात्र मी ठामपणे सांगेन. 'कारंजा' 1948 ची, ग्लासगोला अलेक्झांडर स्टीफनच्या यार्डात बांधलेली, स्टीम टर्बाइनची बोट. बॉयलर तेलावर. आजोबांनी तिच्यावर कोळसा ओढलेला नाही. तेलाचा बॉयलर नीट चालला असेल तर धुराड्यावर फक्त हवा थरथरल्यासारखी एक फिकट तपकिरी झाक असते, आणि काळा धूर निघाला तर चीफ वरून खाली फोन करून विचारणार की कोण बसलंय बर्नरवर. म्हणजे तुम्ही कौतुकानं काळा धूर काढणार आणि बघणारा जाणकार म्हणणार खाली माणूस झोपला होता. आजोबांच्या कामाचा मान त्या स्वच्छ धुराड्यात आहे.

कोळशाच्या बोटीची गोष्ट वेगळी. भट्ट्या पाळीपाळीनं भरायच्या, फावडं पडलं की काळा लोट, मग तो विरळ होत जाणार, परत दुसरी भट्टी. म्हणून जुन्या चित्रात धूर सलग दोरीसारखा नसून गाठीगाठीचा असतो, तो ज्यानं बघून काढलाय त्याचं लगेच ओळखू येतं. आणि धूर वेगळा, वाफ वेगळी! शिट्टीची आणि सेफ्टी व्हॉल्व्हची वाफ पांढरी, धुराड्याला लागून उभ्या बारीक पाइपातून येते आणि पटकन विरते. खूप जण दोन्ही एकाच तोंडातून काढतात. टायटॅनिकची चित्रं बघा, अर्ध्याअधिक चित्रांत चारही धुराड्यांतून सारखा धूर चाललाय, चौथं बॉयलरला जोडलेलंच नव्हतं, ते हवा खेळती ठेवायला. (त्याच टायटॅनिकवर सॅम्युएल वॉर्ड स्टँटन नावाचा माणूस गेला, ज्यानं अमेरिकन स्टीमरची शेकडो चित्रं आणि नोंदी केल्या होत्या, बार्ड गेल्यावर त्याच्याबद्दल लिहिलं ते पण यानंच. हडसनवरच्या एका नव्या बोटीच्या आतल्या चित्रांसाठी युरोपात स्केचेस करून परत येत होता. ती स्केचेस पण बुडाली. मला टायटॅनिक म्हटलं की तो आठवतो.)

आता वारा. माझ्या मते स्टीमरच्या चित्रातली सगळ्यात मोठी परीक्षा ही आणि याच्यावर लोक सगळ्यात कमी विचार करतात. शिडाच्या बोटीत वारा कुठून येतोय ते शिडंच सांगतात, चुकायची सोय नाही. स्टीमर वाऱ्याशिवाय चालते, त्यामुळे चित्रकाराला वाटतं की आता वारा आपल्या मर्जीचा, झेंडे इकडं छान दिसतात, धूर तिकडं छान दिसतो. तसं नसतं. बोटीवर जाणवणारा वारा म्हणजे खरा वारा आणि बोटीचा वेग यांची मिळून बेरीज, आणि त्या एकाच वाऱ्यात झेंडे, धूर, वाफ सगळं एकाच दिशेला जाणार. बोट 16 नॉटनी (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) चाललीये आणि मागून बरोबर 16 नॉटचा वारा आहे तर धूर सरळ वर जाणार आणि झेंडे काठीला चिकटून लोंबणार. समोरून 10 चा वारा असेल तर डेकवर 26 चा, झेंडे पत्र्यासारखे ताठ मागं.

मी सुरुवातीच्या काळात एका रिटायर्ड चीफना त्यांच्या बोटीचं चित्र करून दिलं. झेंडे मागं फडकत होते आणि धूर मी कंपोझिशन भरायला थोडा पुढं वळवला होता, आकाशात त्या कोपऱ्यात मोकळं वाटत होतं म्हणून. त्यांनी चष्मा लावला, पाच सेकंद बघितलं आणि विचारलं, "अरे, माझी बोट दोन वाऱ्यांत चाललीये का?" आवाज चढवला नाही काही नाही. मी चित्र परत आणलं, आकाश पूर्ण खरवडून पुन्हा केलं, तीन आठवडे गेले. त्यानंतर आजपर्यंत मी प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात आधी दोन बाण काढतो, एक वारा, एक बोट, आणि त्यांची बेरीज करून मगच झेंड्यांना हात लावतो.

तुमच्या बाबतीत हे फार छान जमून येतं बघा. मुंबईहून मोंबासा नैऋत्येला. म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये जाताना पावसाळी वारा थेट समोरून. नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर पाणी फुटतंय, झेंडे ताठ, आकाश खाली आलेलं. आणि डिसेंबर-जानेवारीत जाताना ईशान्येचा वारा पाठीवर, समुद्र शांत, वारा साधारण 10-12 आणि बोट त्याच्यापेक्षा वेगात, म्हणून झेंडे अर्धवट जागे, थोडेसे मागं झुकलेले, धूर जवळजवळ वर जाऊन हळू मागं जाणारा. येताना सगळं उलट. म्हणजे महिना आणि दिशा ठरवलीत की आकाश, पाणी, झेंडे, धूर, नाळेवरचा फेस सगळं आपोआप ठरतं, स्वतःच्या मनानं काही करायला लागत नाही. आजोबा कुठल्या सीझनच्या गोष्टी जास्त सांगायचे ते घरात विचारा. पोर्ट्रेट म्हणजे बोट एका ठरावीक दिवशी कशी होती ते.

फोटोबद्दल एक धोक्याची सूचना. तुमचा फोटो 50 च्या दशकातला असेल तर बरं, पण जे कोणी त्याहून जुन्या, म्हणजे 1900 च्या आसपासच्या फोटोवरून काम करतात त्यांच्यासाठी सांगतो की तेव्हाच्या कॅमेऱ्यातल्या काचेच्या प्लेटला लाल रंग दिसायचाच नाही. लाल काळा येतो, पिवळा पण गडद येतो, आणि निळा फिका येतो. क्युनार्ड कंपनीच्या बोटींचं लालभडक धुराडं फोटोत वरच्या काळ्या कडेशी मिसळून सगळं काळंच दिसतं, फोटोवर विश्वास ठेवून काळं रंगवलं की संपलं. पी अँड ओ या बोट कंपनीच्या झेंड्यात चार त्रिकोण आहेत, वर पांढरा, काठीकडं निळा, खाली पिवळा, बाहेर लाल, तो अशा फोटोत बघा, निळा आणि पांढरा वेगळे कळत नाहीत आणि पिवळा-लाल एक झालेले. आणि कंपन्या रंग बदलायच्या पण. पी अँड ओची धुराडी वर्षानुवर्षं काळी होती, 1931 ला 'स्ट्रॅथनेव्हर' आली ती पांढरी बोट आणि पिवळट धुराडी घेऊन. म्हणून वर्ष आधी, रंग नंतर. तुमच्या बोटीच्या हलचा, म्हणजे खालच्या मुख्य अंगाचा रंग त्या वर्षी कसा होता ते रंगीत पोस्टकार्ड किंवा कंपनीच्या जाहिरातीवरून पक्कं करा.

ड्रॉइंग. फोटोवरून ट्रेस करू नका, फोटो जवळून काढलेला असतो त्यामुळे दोन्ही टोकं बारीक होतात. जीए, म्हणजे जनरल अरेंजमेंट ड्रॉइंग मिळवा, बोटीचा मापासकट पूर्ण आराखडा. स्टीफनच्या यार्डाची कागदपत्रं ग्लासगो विद्यापीठाच्या आर्काइव्हमध्ये आहेत, ईमेल केला की उत्तर येतं, कॉपीचे पैसे लागतात पण ते कॅनव्हासपेक्षा महत्त्वाचे धरा. ग्रिनिचच्या नॅशनल मेरीटाइम म्युझियमकडं पण प्लॅन्सचा मोठा साठा आहे.

कॅनव्हास 22 बाय 36 इंच घ्या, जेकबसनचं हे नेहमीचं माप आणि बोटीच्या लांबट अंगाला ते छान बसतं. बोट साधारण 500 फुटांची, तिला 30 इंच दिले, म्हणजे 1 इंचाला साडेसोळा-सतरा फूट. या हिशोबात डेकवरचा माणूस 8 मिलिमीटरचा आणि कठडा 5 मिलिमीटरचा. हे आकडे चिकटवून ठेवा समोर. नवशिक्यांच्या चित्रात माणसं नेहमी दुप्पट होतात आणि 500 फुटांची बोट लाँच वाटायला लागते. प्लिमसॉलची खूण, म्हणजे बोट कुठपर्यंत भरायची ते दाखवणारी हलवरची गोल खूण, जी 1876 च्या कायद्यानं इंग्लिश बोटींना सक्तीची झाली, ती या मापात दीड मिलिमीटरचा ठिपका येते. तेवढीच काढा, पण काढा.

डेकची वळणदार रेघ हाच चेहऱ्याचा मुख्य भाग. ती हातानं काढू नका. लवचिक लाकडी किंवा प्लास्टिकची पातळ पट्टी घ्या, जीएवरून पाच-सहा ठिकाणची उंची मोजून बिंदू टाका, पट्टी त्यावरून वाकवा, शिशाची वजनं ठेवा आणि मग रेघ मारा, यार्डातल्या लॉफ्टमध्ये, म्हणजे बोटीच्या रेघा पूर्ण मापात आखायच्या मजल्यावर करतात तसं. पुढचा उठाव मागच्यापेक्षा साधारण दुप्पट असतो, दोन्हीकडं सारखा काढला की केळ्यासारखी दिसते. रेघ मारल्यावर डोळा कागदाच्या पातळीला आणून तिच्यावरून नजर फिरवा, कुठं खड्डा असेल तर लगेच टोचतो. धुराडं आणि डोलकाठ्या किती मागं झुकल्यात ते कोनमापकानं मोजा. एखाद्या डिग्रीचा फरक सुद्धा जाणवतो, बोट आळशी दिसते किंवा घाईत दिसते.

क्षितिज कुठं ठेवायचं यावर फार गोंधळ असतो म्हणून सांगतो. क्षितिज म्हणजे तुमच्या डोळ्याची उंची. तुम्ही छोट्या होडीतून बघताय असं धरलं, डोळा पाण्यापासून 10 फुटांवर, तर क्षितिजाची रेघ बोटीच्या अंगावर पाण्याच्या रेघेपासून 10 फुटांवरच कापणार, म्हणजे आपल्या स्केलला साधारण 15 मिलिमीटर. तुमच्या स्केचमध्ये क्षितिज वरच्या डेकला लागलंय, याचा अर्थ तुम्ही दुसऱ्या बोटीच्या ब्रिजवर, म्हणजे कप्तान बोट चालवतो त्या उंच जागेवर उभे आहात आणि मग खालचे डेक वरून दिसायला हवेत, ते दिसत नाहीयेत. खाली घ्या. क्षितिज खाली गेलं की बोट आपोआप मोठी होते.

बोट पाण्यात किती बसलीये ते पण ठरवायला लागतं. रिकामी बोट वर येते आणि खालचा लाल पट्टा दिसतो, भरलेली खाली बसते. आपल्या मुंबई डॉकयार्डात 1829 ला बांधलेली 'ह्यू लिंडसे' मार्च 1830 मध्ये सुएझला निघाली तेव्हा वाटेत कोळसा पुरावा म्हणून केबिनींमध्ये सुद्धा कोळसा भरला होता, तिला निघतानाच्या दिवशी काढायचं म्हटलं तर ती पाण्यात किती खोल बसली असेल विचार करा, आणि सुएझला पोचताना काढायची तर तीच बोट कितीतरी वर उचललेली. तेलाच्या बोटीला इतका फरक नाही पडत, पण मोंबासाला पोचताना ती मुंबईपेक्षा वरच असणार.

झेंडे. मागं लाल एन्साइन, म्हणजे ब्रिटिश व्यापारी बोटींचा झेंडा. पुढच्या डोलकाठीवर ज्या देशाला चाललीये त्याचा झेंडा, मागच्या डोलकाठीवर कंपनीचा. चालत्या बोटीवर अगदी नाळेवरच्या छोट्या काठीला झेंडा काढू नका, तो बंदरात. न्यूयॉर्कला येणाऱ्या लायनरवर जेकबसन पुढं अमेरिकन झेंडा काढायचा, ते सजावट म्हणून नव्हे तर बोट कुठं चाललीये ते वाचता यावं म्हणून. जुन्या स्टीमरवर डोलकाठ्यांना शिडांच्या आडव्या काठ्या पण दिसतात, पाणी मागं ढकलणारा पंखा, म्हणजे स्क्रू, एकच असायचा, त्याचा शाफ्ट तुटला तर शिडांवर यायला लागायचं म्हणून. दोन स्क्रू आल्यावर ती भीती गेली आणि 1889 ची व्हाइट स्टार कंपनीची 'ट्युटॉनिक' आडव्या काठ्यांशिवायच आली. त्यामुळे बोट कुठल्या वर्षाची हे डोलकाठीवरून पण कळतं.

रंगाचं थोडक्यात. काळ्या हलला ट्यूबमधला काळा वापरू नका, प्रशियन ब्लू आणि बर्न्ट सिएना मिसळा, आणि पाण्याजवळ थोडा फिका करा कारण पाण्याचा उजेड वर फेकला जातो. एकेक रिव्हेट काढायचा मोह होईल, इतक्या लांबून रिव्हेट दिसत नाहीत, पत्र्यांच्या कडांची एखादी पुसट रेघ पुरे. पाणी हलला चिकटून कसं जातं ते बघा, नाळेजवळ एक उंचवटा, मध्ये दबलेलं, परत मागं उंचवटा, हे आलं की बोट पाण्यात बसते, नाहीतर वर ठेवल्यासारखी दिसते. दोऱ्या सगळ्यात शेवटी, लांब केसांच्या रिगर ब्रशनं, ब्रशचं नावच जहाजाच्या दोऱ्यांवरून पडलंय. रंग टर्पेंटाइननं शाईइतका पातळ, हाताखाली काठी टेकवून, श्वास धरून, एका दमात. मध्ये थांबलात तर तिथं गाठ येते. दोऱ्या शुद्ध काळ्या नकोत, आकाशापेक्षा थोड्याच गडद.

आजोबांना चित्रात घ्यायचंय असं तुम्ही शेवटी लिहिलंय. इंजिनरूमचा माणूस ब्रिजवर किंवा नाळेवर उभा काढू नका. वॉच, म्हणजे कामाची पाळी, संपल्यावर ही मंडळी मागच्या डेकवर हवेला येऊन बसायची, खालची गरमी अंगातून जाईपर्यंत. मागच्या कठड्याजवळ 8 मिलिमीटरची एक आकृती, पांढरा बनियन, खांद्यावर पंचा, बस. चेहरा काढू नका, या मापात चेहरा येत नाही, खांद्याच्या झुकावावरून घरातले ओळखतील.

पावसाळ्यात मुंबईत ऑइल वाळत नाही आणि मागून कॅनव्हासला बुरशी येते, त्यामुळे आत्ता फक्त ड्रॉइंग करा, जीएसाठी ग्लासगोला लिहा, रंगाला दसऱ्यानंतर हात लावा. व्हार्निश त्यानंतर सहा महिने थांबून. ड्रॉइंग झालं की कोपऱ्यातल्या दोन बाणांसकट फोटो पाठवा, मी बघून सांगतो.